रेंज गेली तरी दूध राहिलं पाहिजे

वैशाखातल्या एका दुपारी आमच्या गावच्या दूध केंद्रातलं सगळं दूध नासलं. ते नासायला लागलंय हे सांगणारा मेसेज आला तेव्हा आम्ही ते ओढ्यात ओतून मोकळे झालो होतो.

आमचं गाव म्हणजे खरं तर नवऱ्याच्या नोकरीचं गाव. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्याची बदली आष्टी तालुक्यात झाली, तेव्हा मी पुण्यातली नोकरी सोडून त्याच्याबरोबर आले. पुण्यात मी कारखान्यांतल्या भट्ट्यांना आणि टाक्यांना सेन्सर बसवायचे, त्यांचे आकडे संगणकापर्यंत पोचवायचं काम करायचे. गावात आले आणि दुसऱ्याच दिवशी 'मास्तरीणबाई' झाले. बाजारात, दळणाच्या गिरणीत, पाण्याच्या टाकीजवळ, सगळीकडं तेच नाव. मी आधी काय करत होते ते कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगत बसले नाही.

दूध केंद्र बायकांच्या संस्थेचं होतं. अध्यक्षबाई पन्नाशीच्या पुढच्या, घरी म्हशी, आवाज असा की वेशीवरून हाक मारली तर वस्तीवर ऐकू जावी. केंद्राचं रोजचं काम सचिव बघायचे. दूध मोजून घ्यायचं, फॅट मोजायचं, टाकी धुवायची, टँकर भरून द्यायचा. बायकांच्या संस्थेत तेवढा एकच पुरुष. अबोल माणूस, पण सकाळी शेडचं दार उघडायला त्यांना कधी उशीर झाला नाही.

शेडमधे बल्क कूलर होता. बल्क कूलर म्हणजे स्टीलची मोठी टाकी. तिच्यात दूध चार अंशांपर्यंत गार होतं आणि टँकर येईपर्यंत तसंच राहतं. कूलर बसवणाऱ्या कंपनीनं त्याच्याबरोबर एक नवी सोयही दिली होती. दुधात बुडालेला एक सेन्सर, भिंतीवर सिमकार्डाची डबी, आणि सगळ्यांच्या मोबाईलवर एक ॲप. बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, "आता इथं राखणीला बसायची गरज नाही. लाईट गेली की जनरेटर वरून चालू होईल." बायकांनी वर पत्र्याकडं बघितलं होतं म्हणे.

त्या दिवशी गावातल्या एका घरचं मोठं लग्न होतं, शेजारच्या गावात. अर्धं गाव तिकडं. सचिवांनी सकाळचं दूध टाकीत घेतलं, कूलर चालू असल्याची खात्री केली, कुलूप लावलं आणि तेही गेले. ॲप होतंच.

आमची पाठ वळली आणि थोड्याच वेळात, दूध पुरतं गार व्हायच्या आधी, गावची लाईट गेली. टॉवरची बॅटरी म्हातारी झालेली, त्यामुळे लाईटच्या मागोमाग रेंजही गेली. परतलो तेव्हा टँकर शेडपाशी उभा होता. सचिवांनी टाकीचं झाकण उचललं आणि तसंच धरून ठेवलं. ड्रायव्हर पुढं झाला, वाकला, नाक धरून मागं सरला.

"हे न्हाई घेता यायचं," तो म्हणाला.

बायका एकेक करून जमल्या. सकाळी धारा काढून, डोक्यावर कळशा घेऊन उन्हातून चालत आणलेलं दूध. टाकीचा खालचा नळ उघडला तेव्हा पांढरा आंबट लोट ओढ्याकडं निघाला आणि गावातली कुत्री धावत आली. एक म्हातारी खाली बसून नुसती त्या धारेकडं बघत होती.

दिवेलागणीला रेंज आली. सगळ्यांचे मोबाईल एकदम किणकिणले. 'दुधाचे तापमान वाढत आहे. कृपया लक्ष द्या.'

अध्यक्षबाईंनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून ते वाचलं. "आता सांगतंय का, मुडद्या?" त्या मोबाईललाच म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली ती शेडच्या सावलीतच. राग सगळा सचिवांवर. ते गेलेच कशाला, कुलूप लावलंच कशाला. ते मान खाली घालून म्हणाले, "माझी चूक झाली. दुसरा माणूस बघा." मी बायामंडळींच्या मागं बसले होते. बोलायचं नाही असं ठरवून आले होते, पण हे ऐकवेना.

"त्यांची चूक नाही," मी म्हणाले. "ते इथं नसतील तेव्हा काम करावं म्हणूनच ही डबी घेतली ना? मग ते नव्हते तेव्हा तिनं काय केलं?"

अध्यक्षबाईंनी माझ्याकडं वळून बघितलं. "मास्तरीणबाई, तुमी पुण्याला काय करीत व्हता?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बघा की जरा."

मी उठून डबी उघडून बघितली, जनरेटरची तार कुठं जाते ते बघितलं. मग सचिवांनी कंपनीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडचा माणूस नीट बोलला. म्हणाला, "मॅडम, सगळं सर्व्हरवरून चालतं. तुमच्याकडं रेंज नसेल तर आम्ही काय करणार? दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून बघा."

"दुसरा टॉवरही याच लाईटवर आहे," मी म्हणाले. "लाईट जाते तेव्हाच जनरेटर लागतो, आणि लाईट जाते तेव्हाच तुमचा हुकूम पोचत नाही."

त्यावर तो तिकीट, म्हणजे तक्रार, नोंदवतो म्हणाला.

बायकांना हे कसं सांगावं ते मला कळेना. पुण्यात फळ्यावर चौकोन काढायचे, एकावर एक. सर्वांत खाली सेन्सर, त्याच्यावर आकडा पुढं नेणारी डबी, त्याच्यावर नेटवर्क, सर्वांत वर सर्व्हर. इथं सेन्सर आणि जनरेटर एकाच शेडमधे, एकाच भिंतीच्या आसऱ्यानं होते. पण सेन्सरचा आकडा टॉवरवरून कुठल्या तरी शहरात जायचा, तिथं विचार व्हायचा, आणि हुकूम त्याच वाटेनं परत यायचा. मधला एक दुवा तुटला की वरचं आंधळं आणि खालचं मुकं.

शेवटी मी माझ्या माहेरचं सांगितलं. माझं माहेर तलवाड्याकडचं, मेंढपाळाचं घर. उन्हाळ्यात वडलांबरोबर रानात वाघरापाशी, म्हणजे मेंढ्यांभोवती लावलेल्या जाळीपाशी, राखणीला असायचो आम्ही. "रात्री लांडगा आला तर आमचं कुत्रं काय करायचं?" मी विचारलं.

"धरायचं की," कुणीतरी म्हणालं.

"मेंढ्या सोडून वडलांकडं विचारायला जायचं का, आता काय करू म्हणून?"

आता मात्र हसल्या. मी म्हणाले, "ही डबी विचारायला जाते. आपल्याला अशी पाहिजे जी इथल्या इथं ठरवेल, आणि मग वर कळवेल. रेंज असली तर लगेच, नसली तर आल्यावर."

"करता येतं का तसं?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"येतं."

"मग करू. आनि तुमी कुटं चाललात?" हे शेवटचं सचिवांना होतं, ते उठून चालले होते. "बसा. तुमी बी लागताल."

पहिली अडचण कागदाची निघाली. कूलरचं पॅनल उघडलं तर वॉरंटी जाईल असं कंपनीचं म्हणणं. अध्यक्षबाई आणि मी आष्टीहून एसटीनं नगरला गेलो, कंपनीच्या तिथल्या ऑफिसात. आधी एकानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं साहेब जेवायला गेलेत म्हणून सांगितलं. अध्यक्षबाईंनी पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं आणि तिथंच सोफ्यावर सोडलं.

"आमी बी जेवतो मग," त्या म्हणाल्या. "साहेबाचं होऊ द्या सावकाश."

साहेब म्हणजे एक तिशीचा इंजिनिअर निघाला. त्यानं आधी तेच पालुपद लावलं. मी त्याला कागदावर आमच्या लाईटचं आणि रेंजचं दुखणं काढून दाखवलं. तो बघत राहिला. "हे आम्ही शहरातल्या प्लँटसाठी केलंय," तो म्हणाला, "तिथं नेट जात नाही."

"वॉरंटीचं काय करायचं ते सांगा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कागद तुमचा हाय. दूध आमचं हाय."

तो आत गेला. बराच वेळ लागला. आला तेव्हा त्याच्या हातात पॅनलच्या वायरिंगचं चित्र होतं आणि लेखी परवानगी: कूलरच्या गाभ्याला हात लावायचा नाही, जनरेटरच्या बाजूला काय हवं ते जोडा. निघताना तो मला म्हणाला, "जमलं तर मला कळवा. खरंच कळवा." परतीच्या एसटीत अध्यक्षबाईंनी ते चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि घडी घालून ब्लाउजमधे ठेवलं.

मग काम सुरू झालं, आणि फसायलाही लागलं.

मी तळहाताएवढा छोटा संगणक आणला. त्याला दुधाचं तापमान कळत होतं, लाईट आहे की नाही कळत होतं, आणि जनरेटर चालू करायचा हुकूम तो स्वतः देऊ शकत होता. इंटरनेटची गरज फक्त नंतर कळवायला. तो स्वतः छोट्या बॅटरीवर चालायचा. मी त्याला पत्र्याखाली भिंतीवर लावला, आणि दुपारच्या उन्हात तो तापून मुका झाला. दुधाची राखण करणाऱ्यालाच ऊन लागलं. मी तो काढला, एका पेटीत घातला आणि ती पेटी शेडच्या उत्तरेच्या भिंतीत, जुन्या कोनाड्यात बसवली.

मग टाकी धुण्याची भानगड. टँकर गेला की सचिव टाकी गरम पाण्यानं धुवायचे. सेन्सरला वाटायचं दूध उकळायला लागलं, आणि पेटीला जोडलेला भोंगा बोंबलायचा. पहिल्या दिवशी वस्तीवरनं लोक पळत आले. तिसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही, आणि एका बाईनं भोंग्याची तार सरळ उपसून ठेवली. मला राग आला. मग कळलं की तिचं बरोबर आहे. जो भोंगा उगाच ओरडतो त्याला माणसं ऐकणं सोडतात. मी सचिवांना विचारलं, "धुताय हे त्याला कसं कळवायचं?"

"एक बटन द्या," ते म्हणाले. "पन मी ते बंद करायला विसरलो तर?"

म्हणून बटणाला मुदत घातली. धुणं उरकायला लागतो तेवढा वेळ ते गप्प राहायचं आणि मग आपोआप पहाऱ्यावर यायचं. त्या दिवसापासून सचिव संध्याकाळी माझ्याजवळ बसायला लागले. "हे कसं लिहिलंय ते मला दाखवा," म्हणाले. लग्नाच्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच स्वतःहून बोलले होते. मी एकेक ओळ मराठीत सांगायचे, ते तोंडानं पुटपुटत पाठ करायचे.

सगळं जमलं असं वाटलं तेव्हा अध्यक्षबाईंनी सगळ्या सभासदांना बोलावलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाईट घालवून दाखवायची. टाकीत सकाळचं दूध होतं. मी म्हणाले, पाण्यावर दाखवू. त्या म्हणाल्या, "पान्यावर कुनाचा इस्वास बसतोय?"

सचिवांनी मेन स्विच पाडला. कूलरची घरघर थांबली. शेडमधे एकदम शांतता. कोनाड्यातल्या पेटीवरचा दिवा हिरव्याचा लाल झाला, पेटी थोडं थांबली, आणि मग जनरेटरला हुकूम गेल्याचा 'खट्' असा आवाज सगळ्यांनी ऐकला.

जनरेटर चालू झाला नाही. एकदा कण्हला, दुसऱ्यांदा नुसता टिकटिकला. त्याची बॅटरी मेलेली होती.

बायकांत कुजबुज सुरू झाली. "आपली जुनीच रीत बरी व्हती," एक म्हणाली. "मानूस बसवा अन् सोडून द्या ह्ये." एवढ्या महिन्यांत मी ह्याचा विचारच केला नव्हता. माझी पेटी हुकूम देत होती, आणि हुकूम दिला की काम झालं असं धरून बसत होती. कंपनीचा सर्व्हरही तेच करत होता की. तो लांबून करत होता, मी जवळून करत होते, एवढाच फरक.

सचिव बाहेर गेले. ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावर घेऊन आले, जनरेटरला जोडली, आणि मेन स्विच पुन्हा वर करून पुन्हा पाडला. लाल दिवा. खट्. जनरेटर धडधडून चालू झाला. पण टाळी कुणी वाजवली नाही, आणि मलाही ती नको होती.

"झालं का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "अजून नाही. मला थोडा वेळ द्या."

"घ्या. पन अर्ध्यात सोडून जाऊ नका."

मी पेटीला नवीन काम शिकवलं. हुकूम दिल्यावर जनरेटरकडून वीज खरोखर आली का ते मोजायचं. नाही आली तर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. तरीही नाही आली तरच भोंगा, आणि हा भोंगा खरा. शिवाय जनरेटरच्या बॅटरीचा जीव रोज सकाळी तपासायचा, आजारी वाटली तर मरायच्या आधीच सांगायचं. सचिवांनी बॅटरीच्या पट्ट्या घासून ग्रीस लावायचं काम अंगावर घेतलं. ज्या बाईनं भोंग्याची तार उपसली होती तिच्याच हातून मी ती परत जोडून घेतली. "आता ओरडला तर यायचं," मी म्हणाले. "येते की," ती म्हणाली, "उगाच ओरडला तर मात्र मोडून टाकीन."

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गाड्या भरल्या. गावात म्हातारी माणसं, लेकरं आणि जनावरं राहिली. धारा काढायला हात कमी, तरी दूध येतच होतं. अशाच दिवसांत आमच्या गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. डीपी जळणं म्हणजे एका दुपारचं काम नाही, नवीन येईपर्यंत सगळंच अंधारात. सकाळचं दूध नुकतंच टाकीत पडलं होतं. रेंज नेहमीसारखी लाईटच्या मागोमाग गेली.

मी शाळेपाशी होते. अध्यक्षबाई रानातून येत होत्या. आम्ही दोघी शेडकडं धावलो. मी शेडच्या दाराशी पोचले आणि आतून जनरेटरचा आवाज आला. माझ्या आधी. कुणीही हात लावायच्या आधी. सचिव आत नव्हते, ते टँकरला फाट्यावरून आणायला गेले होते. कूलरची घरघर चालू होती, टाकीवरचा आकडा चारपाशी थांबून होता.

अध्यक्षबाई धापा टाकत आल्या. दारात उभं राहून त्यांनी ऐकलं. मग पदरानं तोंड पुसून खाली पायरीवर बसल्या आणि मला हातानं जवळ बसायला सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला. "बाय," त्या म्हणाल्या. मास्तरीणबाई नाही म्हणाल्या.

डीपी येईपर्यंत टाकी अशीच चालली. डिझेल संपून जनरेटर थांबला तेव्हा पेटीनं ओरडून सांगितलं, आणि एका म्हाताऱ्यानं आपल्या ट्रॅक्टरमधलं काढून दिलं. दुधाचा थेंब वाया गेला नाही. मग रेंज आली, आणि पेटीनं साठवून ठेवलेले सगळे आकडे एका दमात वर, कंपनीच्या सर्व्हरला, पाठवले. नगरच्या त्या इंजिनिअरचा फोन आला. मी त्याला कळवलं होतंच, पण आता त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

"एवढा वेळ तुमच्याकडं नेट नव्हतं?" त्यानं विचारलं.

"नव्हतं."

"आणि तापमान हललंच नाही?"

"नाही."

पुढं त्याच्याच सर्व्हरचा आम्हाला उपयोग झाला, हेही सांगितलं पाहिजे. महिन्या-महिन्याचे आकडे शेजारी ठेवून त्यानं दाखवलं की आमच्या कूलरला दूध गार करायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतोय. पेटीला हे कळलं नसतं, ती फक्त आजचं बघते. सचिवांनी मागची जाळी काढली तर ती धुळीनं आणि कापसाच्या बोंडातल्या तंतूंनी बुजली होती. ज्यानं त्यानं आपल्या जागेवरचं काम करावं. आत्ताचं ठरवणं शेडमधे, लांबचं बघणं लांब. मी कधीच सर्व्हरच्या विरुद्ध नव्हते. दूध मात्र त्याच्या भरवशावर सोडायचं नव्हतं, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात माझ्या माहेराकडच्या, तलवाड्याजवळच्या एका गावातून बायका आल्या. त्यांचंही केंद्र, त्यांचंही दूध नासलेलं. मी आणि सचिव त्यांच्याकडं गेलो. शेड बघितलं, कूलर बघितला. मग मी जनरेटर कुठंय ते विचारलं.

"जनरेटर न्हाई," त्यांच्यातली एक म्हणाली.

सचिवांनी माझ्याकडं बघितलं. हुकूम घ्यायलाच कुणी नव्हतं तर पेटी काय करणार? मी टाकीभोवती एक फेरी मारली. लाईट असते तेव्हाच बर्फ साठवून ठेवायचा, आणि ती जाते तेव्हा त्या बर्फानं गार झालेलं पाणी टाकीभोवती फिरवायचं. पाणी फिरवायला छोटी मोटर पुरेल, ती बॅटरीवर चालेल. केव्हा साठवायचं आणि केव्हा सोडायचं, ते पेटी ठरवेल. जमेल असं वाटलं. खात्री नव्हती, पण वाटलं, आणि तसंच मी त्यांना सांगितलं.

"लई दिस लागतील का?" त्या बाईनं विचारलं.

"लागतील," मी म्हणाले. "पहिल्यांदा फसेल बी. तुमी थांबताल का?"

तिनं मागं वळून आपल्या बरोबरच्या बायकांकडं बघितलं. "थांबतो की," म्हणाली. सचिवांनी तोवर खिशातून टेप काढला होता आणि ते भिंतीची लांबी मोजायला लागले होते.